गुडघ्याचं ऑपरेशन आणि 'दोन बाटल्या रक्ताची सोय करा': ही धावपळ टाळता येते का?

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी. इथला कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, आठवड्यातून एखादा तरी मेसेज हमखास दिसतो. 'तातडीने बी पॉझिटिव्ह रक्त हवे, आईचे उद्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे, कृपया पुढे पाठवा.' खाली दोन फोन नंबर. मग पाच-सात जण हात जोडलेला इमोजी टाकतात, एखादा खरंच जातो, आणि मेसेज पुढचे तीन महिने जिल्हाभर फिरत राहतो.

अपघात झालेल्यासाठी किंवा बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईसाठी असा मेसेज आला, तर प्रश्नच नाही. पण गुडघा काही एका रात्रीत खराब होत नाही. धान चुरून झालं की करू, नातीचं लग्न आटोपलं की करू, असं म्हणत लोक ऑपरेशन वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलतात. इतका वेळ हाताशी असताना रक्ताची धावपळ आदल्या दिवशी का होते? आणि मुळात दुसऱ्याचं रक्त लागतंच का?

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत उत्तर आहे: नीट तयारी केली तर लागत नाही. ते कसं, ते पाहू.

रक्त जातं कुठे?

'गुडघा बदलला' असं आपण म्हणतो, पण अख्खा गुडघा कुणी काढून ठेवत नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, झिजलेल्या कूर्चेसह, काही मिलिमीटर कापून काढतात. त्यावर धातूची टोपी आणि धातूची बैठक बसवतात, मध्ये टणक प्लास्टिकची चकती. हाड हा जिवंत आणि भरपूर रक्तपुरवठा असलेला भाग आहे. शीर कापली तर ती बांधता येते, जाळून बंद करता येते. हाडाचा कापलेला पृष्ठभाग मात्र स्पंजासारखा झिरपत राहतो, तो बांधणार कसा?

ऑपरेशनच्या वेळी मांडीला हवेचा पट्टा आवळतात, त्याला टुर्निके म्हणतात. त्यामुळे टेबलावर फारसं रक्त दिसत नाही. बाहेर आलेले डॉक्टर 'रक्त फार गेलं नाही' म्हणतात तेही खरंच असतं. पण पट्टा सोडल्यावर पुढचा दीड-दोन दिवस रक्त सांध्यात आणि आजूबाजूच्या स्नायूंत झिरपतं. हा छुपा रक्तस्राव कधी कधी दिसणाऱ्याइतकाच असतो. खास उपाय केले नाहीत, तर सगळं मिळून साधारण एक ते दीड लिटर रक्त जाऊ शकतं.

आता हिशेब मांडू. समजा देवरीकडच्या एक आजी आहेत, वजन ५० किलो. त्यांच्या अंगात एकूण रक्त साधारण सव्वातीन लिटर. हिमोग्लोबिन १३ असताना त्यातलं एक लिटर गेलं, तर शिरेतल्या सलाइनने रक्त पातळ होऊन हिमोग्लोबिन साधारण साडेनऊवर येईल. थकवा येईल, पण आजी उठतील, चालतील. तेच हिमोग्लोबिन सुरुवातीलाच साडेनऊ असेल, तर ते सातपर्यंत उतरेल आणि तिथे रक्त चढवायची वेळ येईल.

ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, गेलेलं रक्तही तेवढंच. फरक पडला तो आजी कुठल्या आकड्यावरून टेबलावर गेल्या याचा.

पहिला उपाय ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार बायकांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका या रेषेखाली सापडल्या. याच बायका साठीत गुडघे धरून डॉक्टरकडे जातात.

धानपट्ट्यात यात आणखी काही गोष्टी मिसळतात. रोवणीच्या दिवसांत अनवाणी पायांनी चिखलात उभं राहणं म्हणजे अंकुशकृमींना आमंत्रण. मातीतली त्यांची अळी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते, आतड्यात जाऊन चिकटते आणि रोज थोडं थोडं रक्त पिते. त्यावर अल्बेंडाझोलची गोळी आहे आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. आहारात भात जास्त आणि लोह कमी, हे वेगळं सांगायला नको.

पण गुडघ्याच्या रुग्णाबाबत एक कारण असं आहे, ज्याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही. ते म्हणजे वेदनाशामक गोळ्या. पाच-सात वर्षं गुडघा दुखतोय म्हणून रोज डायक्लोफेनॅक किंवा तशीच एखादी गोळी, बऱ्याचदा चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली. या गोळ्यांनी जठराच्या आतल्या अस्तराला जखमा होतात आणि तिथून न कळत रक्त जात राहतं. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर ती धोक्याची खूण आहे. म्हणजे ज्या दुखण्यासाठी ऑपरेशन करायचं, त्याच दुखण्याच्या गोळ्यांनी ऑपरेशनाआधीच रक्त कमी करून ठेवलेलं असतं. उतारवयात लोहाची कमतरता सापडली, तर रक्त पोटातून जात नाही ना, हे तपासलंच पाहिजे. कधी कधी तिथे अल्सर निघतो, क्वचित कॅन्सरही. अशा वेळी गुडघा थांबू शकतो.

मग करायचं काय? ऑपरेशन ठरताच, निदान चार ते सहा आठवडे आधी, हिमोग्लोबिन तपासायचं. कमी असेल तर शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करायची. लोह कमी निघालं तर गोळ्या. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गोळ्या दुप्पट खाल्ल्या म्हणून लोह दुप्पट शोषलं जात नाही. एक मोठा डोस पोटात गेला की शरीर पुढच्या दिवसासाठी शोषणाचं दार थोडं लोटून घेतं. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. त्याने पोटही कमी बिघडतं. गोळी लिंबू पाण्यासोबत चालेल, चहासोबत नको. चहा लोह अडवतो आणि आपल्याकडे तर गोळी घ्यायची ती सकाळच्या चहाबरोबरच.

वेळ कमी असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देता येतं. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली.

आणि बीट? डाळिंबाचा रस? खा, प्या, चांगलं आहे. पण साडेआठचं हिमोग्लोबिन महिनाभरात बीटाने बाराला नेण्याचे जे रील फिरतात, त्यांच्यावर ऑपरेशनची तारीख ठरवू नका. मासे, अंडी, मटण यांतलं लोह शरीराला पालेभाजीपेक्षा सोपं जातं. तरीही साठा रिकामा झाला असेल तर तो भरायला औषधच लागतं.

सिकलसेलच्या पट्ट्यातला वेगळा प्रश्न

पुण्यातला लेख गोंदियात जसाच्या तसा लागू होत नाही, तो इथे. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या जिल्ह्यांत एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण हे शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, पण विदर्भात ही तपासणी त्याच्या बऱ्याच आधीपासून होत आहे.

गुडघ्याच्या रुग्णाला याचा काय संबंध? एक तर, सगळाच रक्तक्षय लोहाचा नसतो. साठा पुरेसा असताना महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या गिळून काही होत नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवलं जातं त्यांच्या अंगात तर उलट लोह साचलेलं असतं. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. याच्या उलटी चूकही होते. 'ती एएस आहे ना, तिचं रक्त कमीच राहणार' असं म्हणून सोडून दिलं जातं. वाहक व्यक्तीचं हिमोग्लोबिन सहसा सर्वसाधारणच असतं. वाहक असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठ आलं, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

दुसरं म्हणजे मांडीला आवळायचा तो पट्टा. तो आवळला की पायात प्राणवायू कमी होतो, आणि प्राणवायू कमी झाला की सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्यामुळे एसएस असेल किंवा एएस, कार्ड असेल तर ते भूलतज्ज्ञाला आधी दाखवा. पट्टा वापरायचा की नाही, किती वेळ, पाणी आणि ऊब कशी राखायची, हे सगळं त्यावर ठरतं.

एसएस रुग्णांच्या बाबतीत गणितच बदलतं. त्यांचा गुडघ्यापेक्षा खुब्याचा सांधा जास्त लवकर जातो. हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि विशी-तिशीतच सांधा बदलायची वेळ येते. अशा रुग्णाला मोठ्या ऑपरेशनाआधी रक्त देणंच बहुतेकदा सुरक्षित ठरतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी रक्त न दिलेल्या सिकलसेल रुग्णांमध्ये गुंतागुंत जास्त आढळली होती. म्हणजे 'रक्त टाळा' हा सरसकट नियम नाही. ज्याला टाळता येतं त्याने टाळलं, तर ज्याला टाळता येत नाही त्याच्यासाठी पिशवी शिल्लक राहते.

एका जपानी बाईचं औषध

आता थिएटरच्या आत येऊ. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गुडघ्याच्या ऑपरेशनातला रक्तस्राव ज्याने सगळ्यात जास्त कमी केला, ते यंत्र नाही, साधं इंजेक्शन आहे. ट्रॅनेक्सामिक ॲसिड. पाळीत जास्त रक्त जातं म्हणून घरातल्या कुणाला याच्या गोळ्या दिल्याही असतील.

ते काम कसं करतं? जखम झाली की रक्त गोठून गाठ बनते. फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी तयार होते आणि त्यात पेशी अडकतात. पण शरीरात गाठ विरघळवणारी यंत्रणाही सोबतच सुरू असते, नाहीतर प्रत्येक शीर तुंबली असती. ऑपरेशनानंतर, विशेषतः पट्टा सोडल्यावर, ही विरघळवणारी यंत्रणा जोरात चालू होते. नुकती बसलेली गाठ सुटते आणि पुन्हा झिरपायला लागतं. ट्रॅनेक्सामिक ॲसिड या यंत्रणेचा हात धरून ठेवतं. ते नवी गाठ बनवत नाही, बनलेली टिकवतं. बांध घालायचा नाही, घातलेला फुटू द्यायचा नाही. मामा तलावाच्या पाळीशेजारी वाढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

हे औषध शोधलं जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी. १९६२ साली त्यांनी ते जगापुढे ठेवलं. युद्धानंतरच्या टंचाईत त्यांनी रक्तावर संशोधन निवडलं, कारण नमुने कमी पडले तर स्वतःचं रक्त वापरता येईल. सांभाळायला कुणी नसलं की उताको मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहत. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका वाचाव्यात ही त्यांची मूळ इच्छा होती, पण त्या काळी तिथल्या प्रसूतितज्ज्ञांनी चाचणी घ्यायला दाद दिली नाही. २०१० साली ४० देशांतल्या २० हजारांहून जास्त जखमी रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात भारतातलीही रुग्णालयं होती. या औषधाने मृत्यू कमी होतात हे त्यात दिसलं. बाळंतिणींवरच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २०१७ मध्ये आले. उताको त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

गुडघ्याच्या ऑपरेशनात याचा वापर १९९० च्या दशकात सुरू झाला. चीर देण्याआधी साधारण एक ग्रॅम शिरेतून देतात, कधी नंतर आणखी एक डोस, कधी थेट सांध्यात सोडतात. पूर्वी अनेक रुग्णालयांत दहापैकी एक ते तीन-चार रुग्णांना रक्त चढवावं लागायचं. हे औषध आणि बाकीची तयारी जिथे नेमाने होते, तिथे हे प्रमाण शंभरात थोडक्या रुग्णांवर आलं आहे. आणि किंमत? एका पिशवी रक्ताच्या प्रक्रिया शुल्काच्या मानाने नगण्य.

धोका? गाठ टिकवणारं औषध म्हटल्यावर नको तिथे गाठ होईल का, ही भीती साहजिक आहे. सांधेबदलाच्या अभ्यासांत तसं ठळकपणे दिसलेलं नाही. तरी नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, स्टेंट असेल, पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालेली असेल, फिट येत असतील, किडनी कमजोर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. दुसरा धोका औषधाचा नाही, माणसाच्या चुकीचा आहे. पाठीत द्यायच्या भुलीची कुपी आणि ही कुपी काही कंपन्यांच्या सारख्याच दिसतात, आणि चुकून ही पाठीत दिली गेली तर जीव जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल जगभर इशारा दिला होता. या कुप्या वेगळ्या कप्प्यात ठेवणं आणि लेबल मोठ्याने वाचणं ही थिएटरची जबाबदारी.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण बेरजेत मोजल्या जातात. पूर्ण भुलीऐवजी कमरेखालची भूल, रुग्णाचं अंग थंड पडू न देणं (थंड अंगात रक्त नीट गोठत नाही), जखमेत सरसकट नळी न ठेवणं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हेही आधी ठरवावं लागतं. त्या मनाने बंद करू नका, स्टेंटवाल्याने तर मुळीच नाही.

आणि दोन्ही गुडघे एकदम? 'एकदाच होऊन जाऊ द्या' हा मोह मोठा असतो. नागपूरला किंवा रायपूरला दोनदा जायचं म्हणजे भाडं, राहणं, सोबतीचा माणूस. पण दोन गुडघे म्हणजे जवळपास दुप्पट रक्तस्राव. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला होता. एकदम करणं चूक असं नाही. पण हिमोग्लोबिन दहाच्या आत असताना दोन्ही एकदम करायचं कुणी म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

'ताकद यावी म्हणून एक बाटली'

१९४२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या दोन भूलतज्ज्ञांनी लिहिलं की ऑपरेशनाआधी हिमोग्लोबिन आठ ते दहाच्या खाली असेल तर रक्त द्यावं. त्याचा पुढे 'दहाच्या खाली रक्त' असा नियम झाला आणि तो अर्धं शतक कुणी फारसा तपासला नाही. २०११ मध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या २,०१६ वयस्कर रुग्णांवरचा अभ्यास आला. हे सगळे हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. एका गटाला दहाच्या खाली गेलं की रक्त दिलं. दुसऱ्याला आठच्या खाली गेल्यावर किंवा त्रास जाणवल्यावरच. दोन महिन्यांनी मृत्यूत किंवा चालता येण्यात फरक निघाला नाही. दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना एकही पिशवी लागली नव्हती.

त्यामुळे आता सर्वसाधारण रुग्णात साताच्या, आणि हृदयविकार असेल किंवा हाडांचं ऑपरेशन असेल तर आठाच्या आसपास निर्णय घेतात. आकड्यासोबत माणूसही पाहतात. छातीत दुखतंय का, धाप लागते का, उभं राहिल्यावर चक्कर येते का. लागलंच तर एक पिशवी द्यायची, पुन्हा तपासायचं, मग दुसरीचा विचार. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढतं.

नातेवाइकांचा आग्रह हाही रक्त चढण्याचं एक कारण असतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. एचआयव्ही, दोन्ही कावीळ, गुप्तरोग आणि मलेरियाची तपासणी प्रत्येक पिशवीची होते, तरी ताप, ॲलर्जी, फुफ्फुसात पाणी भरणं, चुकीची पिशवी लागणं हे धोके उरतात. शिवाय प्रत्येक वेळी परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. मग पुढच्या वेळी जुळणारं रक्त शोधणं अवघड होतं. ज्यांचा गट मुळातच दुर्मिळ, उदाहरणार्थ १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे गट, त्यांच्यासाठी तर हे सगळे उपाय म्हणजे एकमेव रस्ता असतो.

पिशवी अडकते तेव्हा

रक्त कारखान्यात बनत नाही. गोठवून ठेवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो, पण लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसच. पुरुष ९० दिवसांनी आणि बाई १२० दिवसांनीच पुन्हा रक्तदान करू शकते, तेही हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि साठा खाली जातो. एसएस आणि थॅलेसेमियाच्या मुलांची गरज मात्र सुट्टी घेत नाही.

अशा दिवसांत 'लागलं तर असू द्या' म्हणून गुडघ्यासाठी दोन पिशव्या जुळवून, नाव लिहून बाजूला ठेवल्या की तेवढे दिवस त्या दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. बऱ्याचदा त्या न वापरताच परत येतात आणि तोवर त्यांच्या आयुष्यातले काही दिवस वाया गेलेले असतात. याला पर्याय आहे. रुग्णाचा गट आणि प्रतिपिंडं आधीच तपासून ठेवायची, पिशवी अडवायची नाही. खरंच गरज पडली तर रक्तपेढी थोड्या वेळात जुळवून देते. अर्थात रक्तपेढी जवळ हवी. गोंदिया शहरात हे जमेल. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या रुग्णाने ऑपरेशन कुठे करायचं हे ठरवतानाच 'रक्तपेढी किती अंतरावर?' हे विचारून घ्यावं.

डॉक्टरांना आणखी दोन प्रश्न विचारता येतील: आईचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन आत्ता किती आहे, आणि ट्रॅनेक्सामिक ॲसिड देणार आहात का. नाही म्हणाले तर कारण असेल, ते ऐका. पण हे प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, तारीख ठरवायला जाल तेव्हा विचारा.

आणि तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज. पुढे पाठवण्याआधी त्यातल्या नंबरवर एक फोन करा. बऱ्याचदा पलीकडून उत्तर येतं की आई मागच्याच महिन्यात चालत घरी आली.